भाच्याचं इंग्रजी जन्मजात आहे, मग जपानला जायला अजून काय लागतं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. भाचा न्यू जर्सीत जन्मला, तिथेच वाढला, अमेरिकन पासपोर्ट आहे, मे महिन्यात डिग्री हातात येईल आणि त्याला एक-दोन वर्षं जपानला नाहीतर कोरियाला इंग्रजी शिकवायला जायचंय. तुमची बहीण काळजीत आहे की वर्ष वाया जाईल का, पैसे पुरतील का, आणि भाचा म्हणतो मी नेटिव्ह आहे, मला वेगळं काय शिकायचंय. शिवाय शेवटच्या ओळीत तुम्ही विचारलंय की पुण्यात इंग्लिश मीडियमला शिकलेली तुमची मुलगी हेच करू शकते का. सगळ्याचं उत्तर देतो, मोठं होईल, पण या विषयावर अर्धवट माहिती घेऊन आलेली खूप मुलं मी बघितलीत म्हणून सविस्तरच लिहितो.

मी २००९ च्या मार्चमध्ये ओकायामा प्रांतात आलो. पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेच्या धर्तीवर केलंय ती मूळ बाग ह्याच ओकायामात आहे, तेवढीच तेव्हा मला ह्या गावाची ओळख. सात वर्षं शाळांमध्ये असिस्टंट लँग्वेज टीचर होतो, इथे सगळे एएलटीच म्हणतात, आणि त्यानंतर एका छोट्या शहराच्या शिक्षण मंडळात लागलो. नवीन आलेल्या एएलटींना वर्गात उभं करणं, त्यांचे तास बघणं, घर, बँक, दवाखाना लावून देणं, हे माझं रोजचं काम आहे. त्यात अमेरिकन, ब्रिटिश, जमैकन, फिलिपिनो, दक्षिण आफ्रिकन सगळे आले आणि त्यात दोघं-तिघं तुमच्या भाच्यासारखेच, म्हणजे आईवडील भारतीय आणि जन्म अमेरिकेतला.

आधी हा नेटिव्ह शब्द बाजूला घेऊ, कारण सगळा घोळ तिथेच आहे. घरात इंग्रजी बोलत मोठा झाला म्हणजे नेटिव्ह हा झाला आपला अर्थ, व्हिसा देणाऱ्याचा अर्थ वेगळा असतो. कोरियाच्या ई-२ व्हिसाला सरळ सात देशांची यादी आहे, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. पासपोर्ट ह्यातला हवा आणि डिग्री हवी. म्हणजे तिथे नेटिव्ह हे पासपोर्टवरूनच ठरतं, तुम्ही बोलता कसं ते नंतर. जपानमध्ये अशी देशांची यादी नाही. शाळेत शिकवायचं तर 'इन्स्ट्रक्टर' प्रकारचा व्हिसा लागतो आणि त्यासाठी डिग्री हवी, आणि जी भाषा शिकवणार त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं हवं. खाजगी इंग्रजी क्लासेस, ज्यांना इथे एइकाइवा म्हणतात, त्यांचा व्हिसा वेगळ्या प्रकारचा असतो, तिथेही डिग्री हवीच. तुमच्या भाच्याकडे हे सगळं आपोआप आहे, त्यामुळे दार उघडणार ह्यात शंका नाही. पण दार उघडणं इतकाच त्याचा उपयोग आहे, आणि ते मी पुढे सांगतो.

जपानचं ठरलं तर पहिली पसंती जेट प्रोग्रॅमला द्यायला सांगा. हा सरकारी कार्यक्रम आहे, १९८७ साली चार देशांच्या ८४८ जणांपासून सुरू झाला आणि आता साडेपाच हजारांच्या वर लोक त्यात काम करतात, त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त एएलटी. करार एक वर्षाचा, दोन्ही बाजूंना पटलं तर वाढवत वाढवत जास्तीत जास्त पाच वर्षं. पगार पहिल्या वर्षी ३३ लाख ६० हजार येन असा बरीच वर्षं होता, आता तो ४० लाखांच्या वर नेलाय. विमानाचं तिकीट मिळतं, उतरल्यावर ओरिएंटेशन असतं, गावात कोणीतरी घ्यायला येतं. फक्त दोन गोष्टी त्याला आधीच माहीत हव्यात. एक म्हणजे वेळ, अमेरिकेतून अर्ज शरद ऋतूत निघतात, मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत, निकाल मार्च-एप्रिलच्या आसपास आणि निघायचं जुलै अखेर किंवा ऑगस्टमध्ये, म्हणजे मे महिन्यात डिग्री मिळाल्यावर विचार करू म्हणाला तर सरळ पुढच्या वर्षीवर गेलं. आणि दुसरं, जागा तुम्ही निवडत नाही. फॉर्मवर तीन पसंत्या लिहिता येतात पण टोकियो लिहिलेल्या मुलाला शिमानेच्या समुद्रकाठचं गाव मिळतं, जिथे शेवटची बस सात वाजता सुटते. मला विचाराल तर छोटं गाव मिळालेली मुलंच जास्त काही घेऊन परत गेली, पण ते त्याला आवडेल का हे त्याने प्रामाणिकपणे आधी ठरवावं.

जेट नाही मिळालं तर उरतात डिस्पॅच कंपन्या, म्हणजे शाळांना एएलटी पुरवणाऱ्या ठेकेदार कंपन्या, आणि एइकाइवा. इथे जरा थांबून लिहितो कारण माझा स्वतःचा अनुभव इथला आहे. शहराचं शिक्षण मंडळ दरवर्षी एएलटी पुरवायचं टेंडर काढतं, कमी बोली लावणाऱ्या कंपनीला काम मिळतं, आणि ती बोली कमी करायची तर शेवटी कात्री कुठे लागणार, पगाराला. महिना दोन ते अडीच लाख येन अशा जाहिराती असतात, पण शाळेला सुट्टी लागली की काय हे बारीक अक्षरात असतं. मी एका कंपनीमार्फत आलो होतो. एप्रिलमध्ये काम सुरू केलं, एप्रिलचा पगार मे अखेरीला हातात आला, म्हणजे दोन महिने खिशातले पैसे, आणि जुलैमध्ये कळलं की ऑगस्टला उन्हाळी सुट्टी म्हणून पगार जवळजवळ निम्मा. करारात होतं, जपानी मजकुरात होतं, इंग्रजी भाषांतरात ते वाक्य इतकं गुळमुळीत होतं की मला अर्थच लागला नव्हता. घर कंपनीच्या नावावर होतं, त्यामुळे नोकरी सोडावी म्हटलं तर घरही सोडायचं. भांडायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या मुलाला एकच सांगतो, नोकरी, घर आणि व्हिसा ह्या तीन गोष्टी एकाच माणसाच्या मुठीत देऊ नका. व्हिसा तुमच्या नावावर असतो हे लक्षात ठेवा, कंपनी बदलली तरी त्याच प्रकारच्या कामात मुदत संपेपर्यंत तो चालतो, फक्त १४ दिवसांच्या आत इमिग्रेशनला कळवायचं असतं. घर तेवढं जमेल तितक्या लवकर स्वतःच्या नावावर घ्यावं.

हे फक्त छोट्या कंपन्यांचं असतं असंही नाही. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये नोव्हा ही त्यावेळची सगळ्यात मोठी एइकाइवा साखळी दिवाळखोरीत गेली आणि हजारो परदेशी शिक्षकांचे पगार अडकले, काहींची घरं कंपनीमार्फत होती ती पण अडचणीत आली. मी आलो तेव्हा ह्या गोष्टीला दीड वर्षच झालं होतं, जुने शिक्षक भेटले की हटकून तो विषय निघायचा.

करार हातात आला की त्याने चार गोष्टी लेखी विचाराव्यात. ऑगस्ट, डिसेंबर आणि मार्चचा पगार पूर्ण आहे का. आठवड्याचे तास किती, कारण पूर्वी करारात साडेएकोणतीस तास असा विचित्र आकडा लिहायचे, पूर्णवेळाच्या तीन चतुर्थांश म्हणजे ३० तास झाले की कंपनीला आरोग्य विमा आणि पेन्शनमध्ये स्वतःचा वाटा भरावा लागायचा म्हणून. आता ५१ किंवा जास्त कामगार असलेल्या कंपन्यांना साधारण २० तासांवरच तो लावावा लागतो, तरी विचारावंच. तिसरं, गाडी लागणार का आणि पेट्रोलचं कोण देणार. आणि चौथं, हे कोणी विचारत नाही पण सगळ्यात महत्त्वाचं आहे, नेमणूक थेट शिक्षण मंडळाची आहे, हाकेन आहे की ग्योमु इताकु आहे. हाकेन म्हणजे कंपनीने माणूस पाठवला आणि शाळा त्याला काम सांगू शकते. ग्योमु इताकु म्हणजे कंपनीने ठेका घेतला, मग कायद्याने वर्गातला जपानी शिक्षक एएलटीला थेट सूचनाच देऊ शकत नाही. विचार करा, दोन शिक्षक एका वर्गात उभे आणि एकाने दुसऱ्याला 'हा खेळ नको, आधी शब्द घेऊ' म्हणायचं नाही. अशा वर्गात चांगला मुलगा पण सहा महिन्यांत कोमेजतो.

कोरियाचं थोडक्यात सांगतो, तिथे मी राहिलो नाही, पण तिथून इकडे आलेल्या बऱ्याच जणांबरोबर काम केलंय. सरकारी शाळांसाठी एपिक नावाचा कार्यक्रम १९९५ पासून आहे, खाजगी क्लासना हागवान म्हणतात. राहायची जागा बहुतेक ठिकाणी मालक देतो आणि एक वर्ष पूर्ण केलं की एक महिन्याचा पगार ग्रॅच्युइटीसारखा मिळतो, त्यामुळे पैसे साठवायचे तर कोरिया बरं पडतं. पण तोच एक महिन्याचा पगार वाचवायला अकराव्या महिन्यात माणूस काढणारे हागवान आहेत, आणि व्हिसा मालकाला बांधलेला असतो, मध्येच बदलायचं तर त्याचं सोडपत्र लागतं. कागदं जास्त लागतात, एफबीआयचा पोलिस रेकॉर्ड आणि डिग्रीची प्रत, दोन्हीवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का. ह्याला आठवडे जातात. विमानाचं तिकीट सोडा, आधी ते सुरू करा म्हणावं.

आता पैशांचं, कारण बहिणीची खरी काळजी ती आहे. जेटने आला तर पैसे पुरतात आणि थोडे उरतातही, गावात असेल तर चांगलेच उरतात. कंपनीमार्फत आला तर पहिलं वर्ष बरोबरीत सुटलं तरी खूप. स्वतः घर घ्यायचं म्हटलं की शिकिकिन म्हणजे डिपॉझिट, रेइकिन म्हणजे घरमालकाला द्यायचे आणि परत न मिळणारे पैसे, हमी कंपनीची फी, एजंटची फी, असं करत तीन-चार भाड्यांइतकी रक्कम पहिल्याच दिवशी जाते, आणि घरात काहीही नसतं, दिवा पण नसतो. नुसतं छताला सॉकेट. तेव्हा येताना हाताशी साडेतीन-चार हजार डॉलर असावेत हा माझा सल्ला, जेटवाल्यालासुद्धा, कारण पहिला पगार यायला महिना लागतो.

दुसऱ्या वर्षाचा एक धक्का असतो तो आधीच सांगून ठेवा. जूमिनझेइ, म्हणजे रहिवासी कर. तो आधीच्या वर्षाच्या कमाईवर लागतो, त्यामुळे पहिल्या वर्षी शून्य असतो आणि मुलं समजतात की हातात येतात ते सगळे पैसे आपले. मला २०१० च्या जूनमध्ये ते पाकीट आलं, आत चार हप्त्यांच्या चार पावत्या. कंपनीने पगारातून कापायची तसदी घेतली नव्हती. त्या महिन्यात मी घरी पैसे पाठवू शकलो नाही आणि का ते आईला फोनवर नीट सांगता पण येईना. साधारण करपात्र उत्पन्नाच्या दहा टक्के धरून चालायचं आणि दर महिन्याला बाजूला ठेवायचं.

आणि भाचा अमेरिकन नागरिक आहे म्हणून अजून एक. अमेरिका आपल्या नागरिकाकडून जगात कुठेही राहिला तरी रिटर्न मागते. एएलटीच्या पगारावर परदेशी कमाईची सूट घेतली की तिकडे बहुधा कर पडत नाही, पण रिटर्न भरायलाच लागतं, आणि परदेशातल्या सगळ्या खात्यांमध्ये मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेले तर खात्यांची वेगळी माहिती द्यावी लागते. बावीस वर्षांच्या मुलाला हे माहीत नसतं, कॉलेजमध्ये कोणी शिकवत नाही. दवाखान्याची काळजी मात्र करू नका. विमा असतो, बिलाच्या तीस टक्के आपण भरायचे, अमेरिकेपेक्षा हा भाग कितीतरी सुखाचा आहे. जपान सोडून जाताना भरलेल्या पेन्शनचे पैसे काही प्रमाणात परत मागता येतात, पाच वर्षांपर्यंतच्या भरण्याचे, आणि अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा असतो. हे विसरून गेलेल्या कितीतरी मुलांचे मेसेज मला येतात.

एक फार गंभीर गोष्ट, हसण्यावारी नेऊ नये अशी. तो लक्ष लागण्यासाठी अ‍ॅडरॉल घेत असेल, अमेरिकेत कॉलेजमधली बरीच मुलं डॉक्टरच्या चिठ्ठीने घेतात, तर ते जपानमध्ये आणायलाच बंदी आहे. चिठ्ठी असली तरी नाही, आईने पार्सलने पाठवलं तरी नाही, अटक होते. डॉक्टरांशी बोलून इथे चालणारं दुसरं औषध आधीच ठरवावं. इतर रोजची औषधं महिनाभरापेक्षा जास्तीची आणायची तर आधी परवानगीचा कागद काढावा. गांजा तर मनातही आणू नये, न्यू जर्सीत दुकानात मिळत असेल, इथे तुरुंग आहे.

आता वर्गाकडे येतो, कारण 'मला काय शिकायचंय' ह्या त्याच्या वाक्याचं उत्तर तिथे आहे. २०२० पासून इथे पाचवी-सहावीला इंग्रजी हा अधिकृत विषय झाला, तिसरी-चौथीला त्याआधीची तोंडओळख. म्हणजे त्याच्यासमोर जास्त करून आठ ते पंधरा वयाची मुलं असणार. गेल्या काही वर्षांतला एक तास डोळ्यासमोर आणतो. चौथीचा वर्ग, पस्तीस मुलं, नवा एएलटी उभा, उत्साही, गोड मुलगा, अमेरिकेचाच. तो म्हणाला, 'ओके गाईज, सो इफ यू कॅन जस्ट गो अहेड अँड ग्रॅब युअर पेन्सिल्स फॉर मी.' एकही मूल हललं नाही. त्याला वाटलं ऐकू गेलं नाही, त्याने तेच जरा मोठ्याने आणि हळू म्हटलं. तरीही नाही. मागे एक मुलगी शेजारणीला विचारत होती, 'गाईझु' म्हणजे काय. मग वर्गशिक्षिका पुढे आल्या, पेन्सिल हातात धरून वर केली आणि म्हणाल्या, 'पेन्सिल, प्लीज.' पस्तीस पेन्सिली वर. त्या बाईंचं इंग्रजी तुमच्या भाच्याच्या शंभरात दहासुद्धा नसेल, पण कोणत्या वाक्यात मुलाला पकडायला काय आहे हे त्यांना कळत होतं. जन्मापासून बोलणाऱ्याला स्वतःच्या वाक्यातलं अवघड काय ते दिसतच नाही. ते दिसायला शिकावं लागतं आणि ते शिकवतात, केंब्रिजचा सेल्टा म्हणून कोर्स आहे, चार आठवडे पूर्णवेळ, साधारण १२० तासांचा आणि त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना परीक्षकासमोर शिकवायचं असतं. स्वस्त नाही. पण घरबसल्या दोन दिवसांत मिळणाऱ्या सर्टिफिकेटपेक्षा त्याची किंमत कितीतरी जास्त आहे, कारण कोणीतरी तुमचा तास बघून कुठे चुकलं ते सांगतं. तेवढे पैसे नसतील तर न्यू जर्सीतच लायब्ररीत नवीन स्थलांतरितांसाठी इंग्रजीचे फुकट वर्ग चालतात, तिथे सहा महिने स्वयंसेवक म्हणून जावं. अर्जात तर चांगलं दिसेलच, पण त्यापेक्षा तो बोलणं कमी करायला शिकेल.

दुसरा प्रसंग माध्यमिक शाळेतला. तिथल्या इंग्रजीच्या सरांनी शिक्षकांच्या खोलीत एका एएलटीला विचारलं, 'बाय फ्रायडे' आणि 'अंटिल फ्रायडे' ह्यात फरक काय, मुलं परीक्षेत तिथेच चुकतात. तो म्हणाला, मला नक्की सांगता येणार नाही, पण चुकीचं वापरलं की कानाला बरोबर वाटत नाही. सर नम्रपणे हसले, धन्यवाद म्हणाले आणि परत त्याला कधी काही विचारलं नाही. मला हा फरक माहीत होता कारण मी स्वतः त्यात अडखळलोय. आपल्याकडे दोन्हीला 'शुक्रवारपर्यंत'च. शुक्रवारपर्यंत थांब आणि शुक्रवारपर्यंत दे, मराठीला काही फरक पडत नाही. पण जपानीत दोन वेगळे शब्द आहेत, थांबायचं तर 'मादे' आणि मुदत असेल तर 'मादेनी', अगदी इंग्रजीसारखेच. म्हणजे ज्याला थोडं जपानी येतं तो तीस सेकंदांत फळ्यावर दोन शब्द लिहून हे मुलांच्या डोक्यात कायमचं बसवू शकतो. तुमच्या भाच्याकडे इंग्रजी आहेच, त्याला हवी आहे ती दुसरी बाजू, आणि म्हणून मी म्हणतो की त्याने येण्याआधी हिरागाना-काताकाना ह्या जपानी लिप्या लिहिता येतील इतकं आणि आल्यावर रोज तासभर जपानी शिकावं. मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकून आलो होतो, जपानी भाषेच्या परीक्षेच्या तेव्हाच्या चार लेव्हलमधली तिसरी पास, आणि तरी पहिल्या दिवशी मुलं ओकायामाच्या बोलीत 'ज्याके' 'ज्याके' करत होती ते कळेना. पण शाळेतला शिपाई, जेवणाच्या बायका, मुख्याध्यापक सगळे माझ्याशी बोलायचे, कारण मी मोडकंतोडकं का होईना उत्तर द्यायचो. जेवण मुलांबरोबर वर्गातच असतं, जेवणानंतर सगळे मिळून वर्ग झाडतात, एएलटीने पण फडकं घ्यावं. माझी निम्मी भाषा त्या वीस मिनिटांत झाली.

एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. भाच्याचा चेहरा आपला आहे. तो अमेरिकन आहे, बोलतो अमेरिकन, पण मुख्याध्यापक पहिल्या दिवशी सगळ्या शाळेसमोर 'भारतातून आलेले सर' म्हणून ओळख करून देतील ह्याची शक्यता बरीच आहे. आमच्याकडच्या एका मुलाच्या बाबतीत तेच झालं, तो आयुष्यात दोनदा भारतात गेला होता. एका पालकाने फोन करून विचारलं की ह्या सरांचं इंग्रजी खरं आहे ना. ते मला त्या मुलाला सांगावं लागलं नाही, त्याला आधीच कळलं होतं. जपानमध्ये नोकरीच्या अर्जावर फोटो लावायची रीत आहे आणि काही एइकाइवांना जाहिरातीत दिसणारा गोरा चेहराच हवा असतो, हे खरं आहे आणि चुकीचं आहे. सरकारी शाळांमध्ये हे कमी आहे. त्या मुलाने काय केलं सांगतो. त्याने पुढच्या प्रत्येक वर्गात पहिल्या तासाला जगाचा नकाशा लावला, आजीच्या गावाला एक पिन, स्वतःच्या गावाला एक पिन आणि इथे एक पिन, दोऱ्याने जोडलं, आणि मुलांना म्हणाला आता तुमचे आजीआजोबा कुठले तिथे पिन लावा. ओकायामाच्या गावात कोणाचे ओसाकाचे, कोणाचे क्युशूचे, एका मुलीची आई फिलिपिन्सची होती आणि ती गोष्ट वर्गात तोवर कोणाला माहीत नव्हती. तिने हळूच मनिलाला पिन लावली. त्या दिवसानंतर ती त्या सरांच्या तासाला बोलायला लागली. माझ्या सगळ्या नोकरीत मी बघितलेला हा सगळ्यात चांगला तास आहे.

वर्ष वाया जाईल का, ह्याचं उत्तर दुसऱ्या वर्षावर आहे. पहिलं वर्ष कोणाचंच वाया जात नाही. पण एएलटीच्या कामात पगार फारसा चढत नाही, पद चढत नाही, आणि सहज आहे म्हणून तिसरं, चौथं, सातवं वर्ष कधी आलं कळत नाही. पस्तिशीला पोचलेले, पहिल्या वर्षाच्याच पगारावर असलेले लोक माझ्या ओळखीत आहेत, चांगली माणसं, पण त्यांना आता निघता येत नाही. म्हणून त्याने पहिल्या हिवाळ्यातच ठरवावं. शिक्षकच व्हायचं असेल तर अमेरिकेतलं टीचिंग लायसन्स किंवा टिसॉलमधलं, म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याच्या विषयातलं मास्टर्स, त्याशिवाय आंतरराष्ट्रीय शाळा आणि विद्यापीठं दारात उभं करत नाहीत. शिक्षक व्हायचं नसेल तर जपानी एन-२ पर्यंत, म्हणजे भाषेच्या परीक्षेच्या वरून दुसऱ्या पायरीपर्यंत न्यावं, मग कंपन्या, भाषांतर, पर्यटन, आयटी उघडतं. आपल्याच अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक बघा, २०१९ साली टोकियोच्या एदोगावा वॉर्डात नगरसेवक म्हणून निवडून आले आणि नंतर इबाराकीतल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. ते घडलं ते त्यांच्या जपानीमुळे आणि इथल्या लोकांमध्ये मिसळून केलेल्या कामामुळे, इंग्रजी तर इथे आलेल्या आपल्या सगळ्यांनाच येतं.

तुमच्या मुलीचं आता. हो, जपानमध्ये जमतं, मी त्याच वाटेने आलो. जेटच्या मागे न लागता डिस्पॅच कंपन्या आणि थेट नेमणूक करणारी शिक्षण मंडळं बघावीत. काही कंपन्या फक्त त्या ठराविक देशांचेच लोक घेतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका. चांगलं इंग्रजी त्याच देशांतल्या लोकांना शिकवता येतं हा समज फिलिपिनो शिक्षकांनी गेल्या काही वर्षांत बराच मोडलाय आणि मी ज्यांचे तास बघतो त्यात सगळ्यात तयार तास बहुतेक वेळा त्यांचाच असतो. कोरियात भारतीयांसाठी २०१० पासून लागू झालेल्या व्यापार करारात सहाय्यक शिक्षक म्हणून वाट ठेवलीय, पण शिक्षकाची पात्रता लागते, म्हणजे बी.एड. वगैरे, आणि प्रत्यक्षात जागा थोड्या. तिच्याकडे बी.एड. नसेल तर जपानच धरा.

तिला सगळ्यात जास्त त्रास एका कागदाचा होईल. पहिलीपासून बारावीपर्यंत इंग्रजी माध्यमातून शिकले हे दाखवणारं पत्र. मार्कशीटवर माध्यम लिहिलेलं असतंच असं नाही आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही धड नसतं. मी शाळेच्या ऑफिसमध्ये तीन खेपा घातल्या, क्लार्क म्हणायचे असं पत्र आम्ही कधी दिलेलं नाही, शेवटी मीच मजकूर टाइप करून नेला, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, माध्यम इंग्रजी, आणि मुख्याध्यापिकांनी लेटरहेडवर सही-शिक्का दिला. मग ज्युनिअर कॉलेजमध्ये परत तेच. शाळेचं आणि कॉलेजचं अशी दोन वेगळी पत्रं लागतात, पासपोर्टवर आहे अगदी तसंच नाव दोन्हीवर हवं, आणि प्रत्येकी तीन-तीन मूळ प्रती घ्याव्यात कारण इथे एकदा जमा केलेली परत मिळेलच असं नाही. तिचं अजून काहीच ठरलं नसलं तरी दिवाळीच्या सुट्टीआधी ही पत्रं काढून ठेवा. आणि भाच्याला सांगा की शिफारसपत्रं दोन लागतात, प्रोफेसरांना आत्ताच विचारून ठेव, आणि का जायचंय त्याचा निबंध लिहून झाला की मला पाठव, मी वाचून खुणा करून देतो.